जीपीएसवरून गाडी नुसती बघायची की लांबून बंदपण करायची? (अनुभव आणि सल्ला हवा)

हायवावाला

नमस्कार मंडळी,

आमच्या शिरूरकडे चार हायवा (खडी-मुरूम वाहणारे डंपर) आणि एक ट्रेलर आहे. हायवांना गौण खनिजाच्या पासमुळे जीपीएस लावावंच लागतं, त्याशिवाय सरकारच्या महाखनिज पोर्टलवर वाहतूक पास निघत नाही, त्यामुळे मोबाईलवर गाडी बघायची सवय घरात सगळ्यांना आहे, आमची आई पण बघते गाडी कुठं आली ते. ट्रेलरला मात्र अजून काही नाही आणि तो नागपूर, रायपूर, कधी हैदराबाद असा लांब जातो.

परवा एक विक्रेता येऊन गेला. त्याचं म्हणणं, साहेब हे साधं लोकेशन दाखवणारं नाही, हे डायरेक्ट सॅटेलाइट कंट्रोल आहे, तुम्ही शिरूरला ओट्यावर बसून बटण दाबा, गाडी रायपूरच्या पुढं का असेना, इंजिन जागेवर बंद. वर म्हणे गाडी चोरीला गेली तर चोर रस्त्यावर उभाच. ऐकायला भारी वाटतंय पण पोटात गोळा पण येतोय, चालती गाडी अशी लांबून बंद करणं बरोबर आहे का. आणि हे खरंच उपग्रहावरून होतं का हा पण प्रश्न आहेच.

ज्यांनी लावलंय त्यांनी सांगा. चौकशी करणाऱ्या विक्रेत्यांनी कृपया विपू (विचारपूशीत निरोप) करू नये, आधीच फोन थांबत नाहीयेत.

रेडिओवेडा

>>डायरेक्ट सॅटेलाइट कंट्रोल

त्या माणसाला साष्टांग नमस्कार सांगा.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि ते फक्त बोलतात, ऐकत नाहीत. आकाशवाणीच्या सांगली केंद्राला जसं माहीत नसतं की विट्यात कोण रेडिओ लावून बसलंय, तसंच त्या उपग्रहाला तुमच्या ट्रेलरचा पत्ता नसतो. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगतो की मी अमुक, मी इथं आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो सिग्नल खाली यायला सेकंदाचा पंधरावा भाग वगैरे लागतो, त्यावरून गाडीतला डबा अंतर काढतो. तीन उपग्रहांत जागा कळायला पाहिजे पण डब्यातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, ते एक मायक्रोसेकंद चुकलं तरी ३०० मीटरचा घोळ, म्हणून चौथा उपग्रह लागतो ते घड्याळ सरळ करायला.

म्हणजे गाडी कुठं आहे हे कळतं ते गाडीतल्या डब्यालाच. पुढं ते तुम्हाला कळवायचं काम त्याच्या पोटातल्या मोबाईल सिमचं, ते सर्व्हरला पाठवतं, सर्व्हर तुमच्या ॲपला दाखवतो. आणि इंजिन बंद करायचा हुकूम पण उलट्या दिशेनं त्याच सिमवरून जातो, उपग्रहाचा त्यात काही संबंध नाही. टॉवर नसेल तिथं तुमचं बटण शोभेचं. रायपूरच्या पुढं जंगलपट्ट्यात तर बघायलाच नको.

शंकासुर

म्हणजे आपण इतकी वर्षं "उपग्रहावरून दिसतं" म्हणून बायकोला घाबरवत होतो ते सगळं जिओवरून होतं होय.

घाटातला_स्टिअरिंग

मी मालक नाही, ड्रायव्हर होतो, आता मुलाची गाडी आहे. हायवावाले दादा, चालती गाडी बंद करायचा विचार पण डोक्यात आणू नका, का ते सांगतो.

भरलेला ट्रेलर खंबाटकी नाहीतर कसारा उतरतोय असं धरा. उतारावर गाडी ब्रेकवर कमी आणि इंजिनवर जास्त धरलेली असते, खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावून. इंजिन गेलं की एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग संपला. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनवर चालतो, तो थांबला की स्टिअरिंग दगड. हवेचा कॉम्प्रेसर पण इंजिनवरच, म्हणजे टाकीत जेवढी हवा आहे तेवढीच, दरवेळी पाय मारला की प्रेशर खाली, आणि पार खाली गेलं की मागचे स्प्रिंग ब्रेक स्वतःच लागतात, कुठं लागतील ते सांगता येत नाही, वळणावर लागले तर ट्रेलर आडवा. मागून येणारी एसटी, कार, दुचाकीवाले यांचा काय गुन्हा. आणि घरी बसून बटण दाबणाऱ्याला नकाशावर नुसता एक निळा ठिपका दिसतो, घाट दिसत नाही का धुकं दिसत नाही.

चोर बसला असला तरी तो पण माणूसच आहे आणि मेला तर केस मालकावर.

पर्थची_मावशी

घाटातले दादा, +१०००.

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून जरा लांबून अनुभव सांगते. इथं उत्तरेला पिलबारा भागात लोखंडाच्या खाणी आहेत, तिथं बिनड्रायव्हरचे डंपर २००८ पासून चालतायत, कोमात्सूचे, एकेक जवळपास ३०० टन माल नेणारा, म्हणजे आपल्या दहा-बारा हायवा एकात. रिओ टिंटो या खाण कंपनीचं कंट्रोल सेंटर पर्थला आहे, खाणीपासून साधारण १,५०० किलोमीटर. भारतातून फोन आला की सगळे विचारतात, मग काय व्हिडिओ गेमसारखं लांबून स्टिअरिंग फिरवता का. अजिबात नाही. पर्थमध्ये बसलेला माणूस एकेका गाडीचं स्टिअरिंग धरत नाही, तो कामं वाटतो, रस्ते उघडतो-बंद करतो, अडकलं तर बघतो. गाडी आपली आपण चालते.

त्या गाडीवर उपग्रहाचं रिसीव्हर असतं पण साधं नाही, खाणीत एका पक्क्या ठिकाणी बेस स्टेशन असतं, त्याला स्वतःची जागा आधीच बिनचूक माहीत, मग उपग्रहाचा सिग्नल किती चुकतोय हे ते बघतं आणि तेवढी दुरुस्ती रेडिओवरून सगळ्या गाड्यांना पाठवतं. त्यानं चूक मीटरांवरून दोन-चार सेंटीमीटरवर येते. वर रडार, लिडार (लेझरनं अंतर मोजणारं) आहेच समोर कोणी आलं तर. आणि हा मुद्दा तुमच्यासाठी, संपर्क तुटला की डंपर काय करतो तर स्वतःच हळू होऊन थांबतो. लांबून "थांब" असा निरोप पोचायची वाट बघत नाही. निरोप न येणं हाच थांबायचा हुकूम. त्या व्यवस्थेचा सगळा जीव यात आहे, जीपीएसमध्ये नाही.

हायवावाला

बापरे, दहा-बारा हायवा एकात. आमच्या क्रशरवर असला एक उभा केला तर रस्ताच उरायचा नाही.

मावशी, पण मग लांबून काहीच करत नाहीत का, अगदीच हाताबाहेर गेलं तर?

पर्थची_मावशी

करतात, आणि ते किती अवघड असतं त्याचा पण किस्सा आहे. ५ नोव्हेंबर २०१८, बीएचपी कंपनीची मालगाडी, ४ इंजिनं आणि २६८ डबे खनिजानं भरलेले. ड्रायव्हर एक डबा तपासायला खाली उतरला आणि गाडी त्याच्याशिवाय निघाली. ९२ किलोमीटर पळाली, वेग ताशी शंभरच्या वर. शेवटी पर्थच्या कंट्रोल रूमनं लांबून सांधा बदलून ती मुद्दाम रुळांवरून उतरवली, पोर्ट हेडलँडच्या अलीकडे, वस्तीपासून लांब. कोणाला लागलं नाही. पण विचार करा, एवढी मोठी कंपनी, गाडी कुठं आहे हे सेकंदासेकंदाला दिसतंय, आणि तरी हातात उपाय काय तर उलटवणे.

(ही ड्रायव्हरवाली गाडी होती. रिओ टिंटोच्या बिनड्रायव्हरच्या मालगाड्या त्याच वर्षी जुलैत सुरू झाल्या, ते वेगळं प्रकरण.)

बांधावरचा

लांबून बंद करायचा सगळ्यात गाजलेला प्रकार शेतीतलाच आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या मेलिटोपोलमधून रशियन सैनिकांनी जॉन डिअरच्या डीलरकडची यंत्रं उचलून नेली, बातम्यांत आकडा २७ नग आणि किंमत ५० लाख डॉलरच्या आसपास आला होता. त्यातली काही रशियातल्या चेचन्यात पोचली, हजारेक किलोमीटर लांब, आणि डीलरला ती कुठं आहेत ते जीपीएसवर दिसत होतं. तिथं उतरवल्यावर चालू करायला गेले तर चालू होईनात, लांबून लॉक केलेली. लाखो डॉलरचं हार्वेस्टर आणि उपयोग सुट्या भागांचा.

इथं बघा, चालत्या यंत्राला कोणी हात लावला नाही, फक्त चालू होऊ दिलं नाही. हायवावाल्यांचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं.

जाता जाता, मावशी म्हणाल्या ते बेस स्टेशनचं तंत्र आपल्याकडं पण आलंय. भूमी अभिलेखचे लोक मोजणीला आता रोव्हरची काठी घेऊन येतात ना, ते तेच. सर्व्हे ऑफ इंडियानं ठिकठिकाणी कायमची स्टेशनं उभारलीत त्यांची दुरुस्ती मोबाईल नेटवर्कवरून त्या काठीला मिळते. आमच्याकडं मोजणीच्या दिवशी नेट गेलं तर साहेब बांधावर बसून शेंगा खात होते.

घाटातला_स्टिअरिंग

>>फक्त चालू होऊ दिलं नाही

हां, हे पटलं. आमच्या ओळखीतल्या वायरमननं असंच केलंय, रिले (हुकूम आला की वायर तोडणारा विजेचा स्विच) डिझेलच्या किंवा इग्निशनच्या लायनीत न टाकता स्टार्टरच्या सोलेनॉइडला जाणाऱ्या वायरीत टाकला. गाडी चालू असेल तर काही फरक नाही, चालत राहते. एकदा ढाब्यावर, पंपावर बंद केली की मग परत सेल्फ लागत नाही. चोर कुठं ना कुठं डिझेलला, चहाला थांबणारच की, आणि ट्रेलर ढकलून तर चालू करणार नाही.

रेडिओवेडा

एकदम बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

एक, रिले कुठला निवडायचा. हुकूम आल्यावर वायर तुटेल पण डबा काढून टाकला किंवा बिघडला तर वायर जुळलेली राहील अशी जोडणी करायची, म्हणजे रिलेचा नेहमी जुळलेला असतो तो संपर्क वापरायचा. उलटं केलं तर डब्याचा फ्यूज उडाला की तुमचीच गाडी रात्री दोनला सोलापूर रोडवर उभी. चोराच्या दृष्टीनं उलटं बरं वाटतं, डबा उपटला की गाडी मेली, पण रोजच्या धंद्यात ते झेपत नाही. खाणीत निरोप तुटला की थांबा हे चालतं कारण तिथं सगळा रस्ताच त्यांचा, आपल्या हायवेवर नाही चालत.

दोन, नवीन बीएस सिक्स गाडीत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) किंवा इंजेक्टरच्या वायरीला हात लावला तर चेक लाइट येतो, कोड बसतात आणि सर्व्हिस सेंटरवाला वॉरंटीला नाही म्हणायला मोकळा. स्टार्टरची वायर त्यामानानं निरुपद्रवी, तरी वायर कापून जोडण्यापेक्षा कपलर वापरायला सांगा.

शंकासुर

पण आपलं नाविक (इस्रोची जागा सांगणारी उपग्रह यंत्रणा) असताना अमेरिकेचं जीपीएस कशाला वापरायचं? उद्या त्यांनी बंद केलं तर?

रेडिओवेडा

शंका रास्त आहे. आजच्या डब्यांत एकाच चिपमध्ये जीपीएस, रशियाचं ग्लोनास, नाविक असं सगळं असतं, जे दिसेल ते घेतात. प्रवासी वाहनांसाठी जो एआयएस १४० चा नियम आहे, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सीला ट्रॅकर आणि लाल पॅनिक बटण सक्तीचं, त्यातही नाविक धरलेलंच आहे.

नाविकची रचना सात उपग्रहांची, तीन एकाच जागी दिसणारे भूस्थिर आणि चार तिरक्या कक्षेत आठाचा आकडा काढणारे. पहिला १ जुलै २०१३ ला गेला. पण पहिल्या पिढीत घड्याळांनी दगा दिला, बाहेरून आणलेली रुबिडियमची अणुघड्याळं एकामागून एक बंद पडत गेली, आणि घड्याळ गेलं की तो उपग्रह जागा सांगायच्या कामाचा राहत नाही. मे २०२३ मध्ये एनव्हीएस ०१ गेला त्यात आपलं स्वतःचं घड्याळ बसवलं आणि मोबाईलला सोपी पडणारी एल १ वारंवारिता पण घातली. पुढचा एनव्हीएस ०२ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण म्हणून गेला आणि कक्षा वर उचलता आली नाही, व्हॉल्व्ह उघडला नाही. म्हणजे नुसत्या नाविकवर ट्रेलर सोडायचा तर अजून थांबावं लागेल. सगळं मिसळून घेतलं तर उत्तम.

मालवणी_डोल

तुम्ही सगळे रस्त्यावरचे, टॉवर नसला तर अर्ध्या तासात येतो तरी. आमच्या दर्यात काय करायचा ते सांगा. किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत गेलो की मोबाईल खिशात नुसता घड्याळ बघायला. जीपीएस प्रत्येक ट्रॉलरवर आहे, जाळं कुठं टाकलं ते आम्हाला बरोबर कळतं, पण आम्ही कुठं आहोत ते घरी कळत नाही.

२०१७ च्या ओखी वादळात हेच झालं, केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी होड्या खोल समुद्रात होत्या, निरोपच पोचले नाहीत. आमच्याकडं देवगड बंदरात वारा चुकवायला परराज्यातल्या होड्या येऊन लागल्या होत्या तेव्हा त्यांची माणसं किनाऱ्यावर उतरून पहिला फोन मागत होती.

त्यानंतर इस्रोनं बनवलेला ट्रान्सपाँडर आला. इथं मात्र खरोखरचं उपग्रहावरून दोन्हीकडून बोलणं आहे रेडिओवेडा, म्हणजे तुमचा विक्रेता होडीवर आला असता तर निम्मा खरा ठरला असता! जागा कळते नाविक-जीपीएसवरून आणि निरोप जातो दुसऱ्याच संपर्क उपग्रहावरून. होडीवर पांढरा डबा, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा, ॲपवर हवामानाचा इशारा आपल्या भाषेत येतो, संकटाचं बटण दाबलं की किनाऱ्यावर कळतं, सागरी हद्दीजवळ गेलं की सूचना वाजते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ह्याच योजनेचा देशभरचा शुभारंभ केला, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख होड्यांवर बसवायचे.

हद्दीची सूचना ही आमच्यापेक्षा पालघरवाल्यांना महत्त्वाची. डहाणू-तलासरीची पोरं गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात आणि पाकिस्ताननं पकडलं की वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात, पाण्यावर काय कुंपण थोडंच असतं.

रेडिओवेडा

मालवणी भाऊ, मानलं. सुधारणा मान्य, समुद्रात सिमच्या जागी खरंच उपग्रह येतो. फक्त तो संपर्क उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आणि क्षमता मर्यादित, म्हणून त्यातून छोटे छोटे निरोपच जातात, गप्पा मारता येत नाहीत. रेल्वेनं पण असंच दुहेरी केलंय, इंजिनांवर इस्रोबरोबर केलेली यंत्रणा आहे, गगनची (जीपीएसची चूक उपग्रहावरून सुधारणारी आपली यंत्रणा) दुरुस्ती घेऊन जागा काढते आणि दर ३० सेकंदाला कळवते, मोबाईल नेटवर्क असेल तर त्यावरून नाहीतर उपग्रहावरून. आपण ॲपवर "गाडी आत्ता अमुक स्टेशन सोडून निघाली" बघतो त्याच्या मागं हे आहे. आधी स्टेशन मास्तर हातानं भरायचे.

ट्रेलरवर असला उपग्रहाचा दुहेरी डबा मिळतो पण खर्च बघता रायपूरच्या फेरीला परवडायचं नाही. तुम्हाला जंगलात गाडी दोन तास दिसली नाही तरी काही बिघडत नाही, डबा तेवढा वेळ नोंदी आत साठवतो आणि टॉवर आला की एकदम ओततो. म्हणूनच ॲपवर गाडी मधेच उडी मारते. समृद्धीवर इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे तिथं तर आकाशच नाही, गाडी एका तोंडाला थांबलेली दिसते आणि मग एकदम दुसऱ्या तोंडाला.

हायवावाला

हो हो, हे आमच्या आईला समजावून थकलो, ती म्हणते गाडी बोगद्यात बंद पडली फोन कर.

आता खरं दुखणं सांगतो. चोरीपेक्षा रोजचा त्रास म्हणजे लोकेशन गायब होणं. हायवांवरचा एक ड्रायव्हर असा आहे की ठराविक वेळेला बरोबर अर्धा तास गाडी दिसतच नाही. विचारलं की "नेटवर्क नव्हतं शेठ". त्याच रस्त्यावर बाकीच्या तीन गाड्या दिसतात.

रेडिओवेडा

तीन शक्यता. फ्यूज काढतोय, अँटेनावर चांदीचा कागद गुंडाळतोय किंवा सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा जॅमर (सिग्नल दाबून टाकणारा डबा).

ओळखायचं कसं? रिपोर्ट नीट बघा. फ्यूज काढला तर डबा स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो आणि "मेन पॉवर कट" असा इशारा पाठवतो. कागद गुंडाळला तर निरोप येत राहतात पण उपग्रहांची संख्या शून्यावर, म्हणजे डबा म्हणतोय मी जिवंत आहे पण आकाश दिसत नाही, आणि इग्निशन चालू. जॅमर असेल तर साधारण तसंच, मोबाईलचा पण जॅमर असेल तर निरोप पण गायब आणि नंतर एकदम साठलेल्या नोंदी येतात त्यात जागेचे रकाने रिकामे.

उपग्रहाचा सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की आजूबाजूच्या गोंगाटापेक्षाही कमी, म्हणून नखाएवढा जॅमर पण त्याला झाकतो. आणि तो फक्त तुमच्याच गाडीला झाकत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळावर २०१२ च्या सुमाराला विमान उतरवायची जीपीएसवर चालणारी यंत्रणा मधेच गडबडायची, शोधत गेले तर शेजारच्या रस्त्यावर एका कंपनीच्या पिकअपचा ड्रायव्हर सापडला, मालकाला दिसू नये म्हणून स्वस्तातला जॅमर लावून फिरत होता. त्याला ३१,८७५ डॉलर दंड सुनावला. आपल्याकडं पण खाजगी माणसानं जॅमर वापरणं बेकायदा आहे, त्याला सांगून बघा, बहुतेक दुसऱ्या दिवसापासून नेटवर्क यायला लागेल.

घाटातला_स्टिअरिंग

थांबा जरा. सगळे मालकाच्या बाजूनं बोलताय, ड्रायव्हर का काढतो फ्यूज ते पण ऐका.

डिझेल विकणारे असतात, नाकारत नाही. पण कितीतरी पोरं निव्वळ वैतागून काढतात. रस्त्याकडेला लघवीला थांबलं तरी फोन येतो का थांबला. रात्री एकला डोळे मिटायला लागले म्हणून गाडी बाजूला लावली तर ॲपवर "अनधिकृत थांबा" आणि शेठचा फोन. मग पोरगं काय करणार, झोपायचं तर फ्यूज काढूनच झोपणार. मी चालवत होतो तेव्हा मालक पत्र पाठवल्यासारखा तीन दिवसांनी एसटीडीवरून बोलायचा, आणि माल पोचायचाच ना.

दादा, त्या ड्रायव्हरला आधी विचारा तो अर्धा तास कुठं असतो. क्रशरच्या जवळच त्याचं गाव असेल तर घरी जेवायला जात असेल बघा.

हायवावाला

...गाव क्रशरपासून तीन किलोमीटरवर आहे. विचारतो.

पर्थची_मावशी

दादा, विचारून इथं नक्की लिहा.

एक सुरक्षेचं राहिलं. लांबून तुम्ही बंद करू शकता म्हणजे दुसरा पण करू शकतो. २०२२ मध्ये बिटसाइट नावाच्या कंपनीनं एका चिनी ट्रॅकरची तपासणी जाहीर केली, मायकोडस कंपनीचा एमव्ही ७२०, त्यात सहा भोकं निघाली. एक तर कारखान्यातच ठरवलेला सगळ्यांना एकच पासवर्ड. म्हणजे घरबसल्या कोणीही कोणाचीही गाडी बघावी आणि इंधन तोडावं. त्या कंपनीचे १५ लाख डबे १६९ देशांत लागलेले होते.

तेव्हा डबा बसवला की पहिलं काम पासवर्ड बदलणं, आणि एसएमएसवरून हुकूम घेणारा असेल तर फक्त तुमच्या नंबरवरूनच घेईल अशी सेटिंग आहे का बघा. बसवणाऱ्या पोराला १२३४५६ च ठेवायची सवय असते.

बांधावरचा

आमच्या गटातल्या फवारणीच्या ड्रोनचा पण पासवर्ड तोच निघाला, आत्ताच बघितला. बदलतो.

ड्रोनचं बाकी पर्थसारखंच आहे बरं का, रिमोटचा संपर्क तुटला की जिथून उडाला तिथं आपला आपण परत येतो. फक्त "घर" म्हणून जी जागा नोंदली ती उपग्रह नीट मिळायच्या आधी नोंदली गेली असेल तर तो शेजाऱ्याच्या डाळिंबात उतरतो. म्हणून पायलट ताई दहा-बारा उपग्रह दिसल्याशिवाय उडवतच नाहीत, आम्ही उन्हात घाई करतो, त्या ऐकत नाहीत.

शंकासुर

शेवटची शंका, मग चंद्रावरचा प्रज्ञान (चांद्रयान ३ ची छोटी गाडी) कशावर चालवला? तिथं जीपीएस होतं का?

रेडिओवेडा

नव्हतं. कॅमेऱ्याच्या जोडीतून समोरचा उंचसखल भाग इस्रोनं इथं उभा करायचा, मग थोडं पुढं जा असा हुकूम. २७ ऑगस्ट २०२३ ला समोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला तर मागं वळवला. सगळा मिळून शंभरेक मीटर चालला. पुढं मार्च २०२५ मध्ये मात्र एका खाजगी अमेरिकन लँडरवरच्या नासा आणि इटलीच्या अंतराळ संस्थेच्या रिसीव्हरनं चंद्रावर उभं राहून पृथ्वीभोवतीच्या जीपीएस आणि युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांचा सिग्नल पकडला, साडेतीन लाखांहून जास्त किलोमीटरवरून. जॅमर विकणाऱ्यांना नवीन बाजारपेठ.

हायवावाला

मंडळी, चौकशी झाली. गडी जेवायला घरीच जात होता, आईला दिसत नाही तिला जेवण वाढून येतो म्हणाला. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं म्हटलं तर गप्प बसला. अर्धा तास त्याच्या नावावर लावून टाकला, ॲपमध्ये त्याच्या घराभोवती गोल काढून "परवानगीचा थांबा" केलंय. फ्यूज काढायचा नाही एवढं ठरलं.

ट्रेलरला साधा चार-जी डबा घेतोय, अंतर्गत बॅटरीवाला, रिले स्टार्टरच्या वायरीत, नेहमी जुळलेल्या संपर्कावर. विक्रेत्याला विचारलं स्टार्टरला लावून देता का तर म्हणाला आम्ही डिझेल लायनीलाच लावतो, कंपनीचं धोरण आहे. त्याला नाही म्हटलं. गावातला वायरमन रविवारी येतोय. बंद करायचा पासवर्ड माझ्याकडं आणि भावाकडं, बाकी घरच्यांना फक्त बघायचं लॉगिन.

डिझेलच्या टाकीत तो काठीसारखा सेन्सर टाकतात त्याचं काय? तरंगत्या फ्लोटपेक्षा बरा का?

घाटातला_स्टिअरिंग

काठीवाला बरा, पण टाकीला वरून भोक पाडायला लागतं, टाकी पूर्ण रिकामी करून वाफ गेल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. आणि चढ-उतारावर आकडा खालीवर होतो तेव्हा लगेच चोरी म्हणून फोन करू नका म्हणजे झालं.

रेडिओवेडा

डिझेल सेन्सरचा वेगळा धागा काढा, त्यावर लिहायला भरपूर आहे.